येळवसेची बाटली

प्रयाग, तुझ्या शोकसभेत प्राचार्य तुला 'मितभाषी' म्हणाले आणि मला हसू फुटलं. चांगलं खदखदून. पदर तोंडाला लावला, तर शेजारच्या बाईंना वाटलं मी हुंदके देतेय. त्यांनी पाठीवरून हात फिरवायला सुरुवात केली, त्यामुळं आणखीच फुटलं. तू आणि मितभाषी! जी बाई लातूरहून नांदेडला येईपर्यंत एसटीतल्या शेजारणीची सासू, नणंद, जमिनीची वाटणी सगळं विचारून घ्यायची आणि वर सल्ला देऊन मोकळी व्हायची, ती मितभाषी. प्राचार्यांनी बहुधा दुसऱ्याच कुणासाठी लिहिलेला कागद वाचला असावा.

पुढं ते म्हणाले, "मॅडमचं हाडांवर मोठं संशोधन होतं." असं कुणी म्हटलं की तू कशी चवताळायचीस! "हाडांवर न्हाई सर, हाडातल्या एका प्रोटीनवर. हाडांवर तर कुत्रंबी असतंय." मी मागच्या खुर्चीवर बसून वाट बघितली, आता तू उठशील आणि बोलशील म्हणून. तू उठली नाहीस. तेव्हा कुठं मला खरं वाटलं की तू गेलीस. तोवर नुसतं कानावर आलं होतं.

म्हणून म्हटलं, आपणच लिहावं. तुझा जन्म कधीचा, पदव्या किती, हे सगळं फलकावर लागलंय, ते मी लिहीत नाही. मी आपल्या त्या बाटलीबद्दल लिहिणार आहे. कारण तिचा निकाल लागलाय, आणि तो तुला सांगितल्याशिवाय मला चैन नाही.

पण जे तुला ओळखत नव्हते तेही हे वाचतील, तर त्यांच्यासाठी थोडं. ऑस्टिओपाँटिन हे नाव तू असं म्हणायचीस की जणू ते लातूरजवळच्या तुमच्या मुरुडच्या शेजारचं एखादं गाव असावं. हाड म्हणजे नुसता चुना नव्हे. त्यात पेशी राहतात, आणि त्या पेशींना हाडाला धरून बसता यावं म्हणून हाडात काही प्रोटीनं असतात. त्यातलं हे एक. आपल्याकडं यायचं ते मात्र कुणा माणसाच्या हाडातून काढलेलं नसायचं. ते कसं बनवायचं हे माणसाच्या जनुकात असतं, तेवढा भाग उचलून प्रयोगशाळेत वाढवलेल्या दुसऱ्याच पेशींना द्यायचा आणि त्यांच्याकडून ते करून घ्यायचं. जिजीला, म्हणजे तुझ्या आईला, तू एका वाक्यात सांगितलं होतंस. "रीत माणसाची, सैपाकीण दुसरी."

जिजी म्हणाली, "मग माझ्या गुडघ्याला लाव की जरासं."

"आगं माय, हे औषध न्हाई. बाटलीवरच लिवलंय, फक्त संशोधनासाठी. ह्याच्यावर हाडाच्या पेशी बसत्यात का, तेवढंच बघायचं."

"बसल्या तर?"

"तर पुढचं दुसरं कुणी बघंल. आपलं काम वाफा करून द्यायचं."

तुझं हे वाफा करून द्यायचं काम मी इतकी वर्षं शेजारच्या स्टुलावर बसून बघितलं. प्लेटच्या तळाला प्रोटीनचा पातळ थर द्यायचा, वर पेशी सोडायच्या, काही तास थांबायचं आणि मग हलक्या हातानं धुवायचं. ज्या बसल्या त्या राहतात, बाकीच्या वाहून जातात. पेशी सोडताना तू प्लेटवर वाकून म्हणायचीस, "बसा गं बायांनो, बसा. घाई करू नका." कुणी बघतंय का याची तुला फिकीर नसायची. बाहेरून तपासणीला आलेल्या साहेबांसमोरही तू म्हणालीस. मी तुला सांगायची, "पेशींना कान नसतात."

"तुला तरी कुठं हायत?" तू म्हणायचीस.

आता येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. मी नांदेडकडच्या भोकरची. आमच्याकडं मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येचं एवढं काही नसतं. लातूरच्या कॉलेजात आपण दोघी एकाच वर्षी लागलो, आणि त्या वर्षी एका सकाळी मी दूध आणायला बाहेर पडले तर गंजगोलाईच्या बाजारात चिटपाखरू नाही. दुकानं बंद, रिक्षा नाहीत. मला वाटलं कुणी मोठा पुढारी गेला. घाबरून तुला फोन केला, तर तू हसत सुटलीस. "कुणी गेलं न्हाई गं, येळवस हाय! समदं लातूर शेतात गेलंय. तू कामून घरात बसलीस? मुरुडची गाडी धर."

त्या दिवशी मी पहिल्यांदा तुमचं शेत बघितलं. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव. शेंगा-भाज्यांची भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि आंबील. ज्वारीचं पीठ ताकात आंबवलेलं ते पांढरं पेय मला आधी कसंतरीच लागलं, आणि दुसऱ्या गडूपासून मला त्याच्याशिवाय सुचेना. आंबिलीचं मडकं घरापासून शेतापर्यंत डोक्यावर आणायचं काम घरातल्या बाईचं. आधी जिजी आणायची, मग तू. कांबळं पांघरून, मान ताठ, पायात चप्पल नाही, आणि एरवी रस्ता ओलांडताना दहा वेळा अडखळणारी तू बांधावरून अशी चालत यायचीस की मडक्यातला थेंब हलायचा नाही. मग शेताच्या चारी बाजूंनी आंबील शिंपत हिंडायचं आणि ओरडायचं, "ओलगे ओलगे, सालम पोलगे!" मी अर्थ विचारला. तू म्हणालीस, "अर्थ इचारू नको, वरड."

मी ओरडले. लहानपणानंतर मी इतक्या मोठ्यानं कधी ओरडले नव्हते. हे तुला मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू आयुष्यभर चिडवलं असतंस.

आणि मग तो घोळ. हैदराबादहून प्रोटीन यायचं होतं. कंपनीच्या माणसानं फोन करून विचारलं, अमुक तारखेला पाठवतो, चालेल ना? आणि तू, मुरुडची लेक, आजवर एक येळवस न चुकवलेली, खुशाल म्हणालीस, "हाव, पाठवा." त्या तारखेला येळवस होती. कॉलेज बंद, कुरिअरचं ऑफिस बंद, शहराला कुलूप. नंतर मी तुला धारेवर धरलं तर तुझं उत्तर काय, "त्यानं तारीख इंग्रजी सांगितली. येळवस काय तारखेवर असती व्हय?" 

शेतात आपण नुकत्याच पोचलो होतो आणि तुझा फोन वाजला. कुरिअरवाला. "मॅडम, तुमच्या डब्यावर लिवलंय थंडीत ठिवा. कालेजला तर कुलूप हाय. काय करू?" तू काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "म्या मुरुडलाच चाललोय, सासुरवाडी हाय तिथं. शेत सांगा, आणून देतो." जगात दुसरीकडं कुठं कुरिअरवाला असा डबा आणून देत असेल, मला ठाऊक नाही. थर्माकोलचा डबा मोटारसायकलच्या टाकीवर ठेवून तो बांधावरून आला, सही घेतली, आणि जिजीनं त्याला हाताला धरून जेवायला बसवला. तो नको नको म्हणत होता, पण उंडा खातच म्हणत होता.

मी म्हटलं, डबा घेऊन लगेच लातूरला जाऊ. तू म्हणालीस, "आत बर्फाच्या पिशव्या हायत, सांजपस्तोर काय होत न्हाई. आंबील शिंपून येऊ." जिजीनं डबा सावलीला म्हणून कोपीत ठेवला. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

आपण ओरडत शेताला वळसा घालून आलो तेव्हा आबा, तुझे चुलते, मिशी पुसत सगळ्यांना आग्रह करत होते. "प्या, प्या. औंदा आंबील कशी गार हाय बगा!" मी प्याले. खरंच गार होती, दात शिवशिवले. मी दुसरा गडू मागितला. तो अर्धा पोटात गेल्यावर माझी नजर मडक्याकडं गेली. मडक्याभोवती निळ्या पिशव्या गुंडाळलेल्या होत्या. आपल्या प्रोटीनच्या डब्यातल्या, बर्फाच्या.

"आबा!" मी ओरडले. "डब्यातलं बाकीचं कुठंय?"

"बाकीचं हाय की. बाटली बारकी हाय, आन् रिकामीच हाय. त्या हैदराबादवाल्यानं फसवलं तुमाला. म्हनलं बर्फ तरी कामाला यावा."

बाटली रिकामी नव्हती. ते प्रोटीन गोठवून वाळवलेलं असतं, आणि इतकं थोडं की डोळ्याला दिसतसुद्धा नाही. पण आबांना काय सांगणार! मी कोपीत वाकले. पाच पांडवांच्या शेजारी, उघड्या डब्याच्या झाकणावर, ती बाटली उभी होती. टोपणावर हळदीकुंकू. जिजीनं ती लक्ष्मी समजून पुजली होती. पुढं भज्जीचा नैवेद्य ठेवला होता. बांधापलीकडून दुपारचं ऊन नेमकं कोपीच्या तोंडातून आत येऊन तिच्यावर पडलं होतं.

मी कपाळाला हात लावला आणि तू गवतावर लोळून हसलीस. अक्षरशः लोळलीस. हरभऱ्याची पानं तुझ्या केसांत अडकली. जिजीला कळेना काय झालं, ती म्हणत होती, "काय चुकलं का गं माय? कुकू जादा झालं का?" आणि तू हसताहसता म्हणालीस, "न्हाई जिजी. आजवर ह्या प्रोटीनची एवढी इज्जत कुणीच केली न्हाई."

तिथंच भांडण सुरू झालं आणि ते संपलंच नाही. मी म्हणाले, बाटली वाया गेली, फेका, नवी मागवा. तू म्हणालीस, "वाळवलेलं हाय ते. सांडग्यांला उन्हात काय होतंय?" मी म्हणाले, प्रोटीन म्हणजे सांडगा नव्हे. तू म्हणालीस, कंपनीच्या कागदावरसुद्धा लिहिलंय की वाळलेलं असेल तोवर थोडी ऊब चालते. मी म्हणाले, थोडी ऊब आणि मुरुडचं ऊन यात फरक आहे, आणि शिवाय हळदीचं काय? तू म्हणालीस, "हळद टोपणाला हाय, आत न्हाई. आन् आत गेली असती तरी हाडाला हळद वाईट असती का?" शेवटी पैज लागली. बाटली बिघडलेली निघाली तर तू सगळ्या खात्यासमोर उभी राहून म्हणायचं की अनुसया शहाणी आहे. चांगली निघाली तर पुढच्या येळवसेला आंबिलीचं मडकं माझ्या डोक्यावर. घरापासून शेतापर्यंत, चप्पल न घालता.

आपण नवी बाटली मागवली, काम पुढं नेलं. ही मात्र फ्रीझरच्या कोपऱ्यात राहिली. मी तिच्यावर चिकटपट्टी लावून लिहिलं, 'येळवस. वापरू नये.' दुसऱ्या दिवशी बघते तर 'नये' खोडलेलं.

नंतर आपण दोघीही नांदेडला आलो. बाकीचं सामान टेम्पोनं आलं, पण ती बाटली तू माझ्या थर्मासात बर्फ भरून, मांडीवर घेऊन एसटीनं आणलीस. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय हाय गं ह्याच्यात? कुल्फी का?" तू म्हणालीस, "न्हाई मावशी, माणसाच्या हाडातलं हाय." मावशी अहमदपूर यायच्या आधीच उठून पुढं जाऊन उभी राहिली आणि आपल्याला सगळा बाक मिळाला. तू पाय पसरून झोपलीस, थर्मास माझ्याकडं देऊन.

लोक विचारायचे, एवढं भांडता तर एकदा उघडून बघत का नाही? साधा प्रयोग होता, एका दिवसाचा. तू दर वर्षी म्हणायचीस, "ह्या येळवसेच्या आत बघूच." मी म्हणायची, बिघडलेला माल माझ्या प्लेटवर येणार नाही. मग येळवस यायची, मी मुरुडला यायची, तू मडकं घेऊन बांधावरून चालत यायचीस आणि माझ्यासमोर थांबून म्हणायचीस, "पुढल्या साली तू." मला आता वाटतं, आपल्या दोघींनाही ते उघडायचंच नव्हतं. बाटली बंद होती तोवर भांडण ताजं होतं. इतकं चांगलं भांडण माझं आयुष्यात दुसऱ्या कुणाशी झालं नाही, नवऱ्याशीसुद्धा नाही.

तुझ्या आजाराचं नाव मी इथं लिहीत नाही. तुला ते नाव आवडायचं नाही, तू त्याला 'ते येडं' म्हणायचीस. दवाखान्यात शेवटी शेवटी तुझा आवाज बारीक झाला होता, तरी जीभ तीच. मी उशाशी बसले होते. तू डोळे न उघडता विचारलंस, "बाटली उघडलीस का?"

"नाही."

"भेती का गं?"

"मडक्याला कोण भितंय!"

"मडक्याला न्हाई," तू म्हणालीस.

मी चिडून म्हणाले, "गप झोप." आणि तू हसलीस. मला तेव्हा म्हणायचं होतं की प्रयाग, मला हे भांडण संपवायचं नाही, तू बरी हो आणि आणखी वीस वर्षं भांड. ते राहिलं. पण तुला ते कळलेलं होतं, हे तुझ्या हसण्यावरून मला ठाऊक आहे, म्हणून त्याचं मी फार वाईट वाटून घेत नाही. बाकी सगळं आपण एकमेकींना बोलून घेतलं होतं. काही गोष्टी तर गरजेपेक्षा जास्तच.

तू गेल्यावर मी जिजीला अधूनमधून फोन करते. ती बरी आहे. जेवते, शेजारणींना रागावते, आबांच्या बिड्या लपवते. पण मागच्या आठवड्यात मी सहज म्हटलं, "जिजी, येळवस जवळ आली," तर ती म्हणाली, "औंदा न्हाई करायची माय. मडकं कोण उचलंल? माझी मान उचलत न्हाई. सुनांला सवय न्हाई. आन् उचललं तरी पाजायचं कुणाला?"

मी म्हणाले, "बरं." दुसरं काय म्हणणार! दुःखाच्या घरी आपणहून जाऊन 'सण करा' म्हणायला मी कोण? तुझी मैत्रीण होते, तुझ्या आईची मुलगी नव्हे. फोन ठेवला आणि मला ते शेत दिसायला लागलं. सगळ्या शिवारात कोपी, सगळीकडं धूर, पोरांचा दंगा, ओलगे ओलगे, आणि मधोमध तुमचं शेत गप्प. प्रयाग, माझा जीव इतका कासावीस झाला की मी भाजी करपवली. एक वर्ष मोडलं की असलं काम पुन्हा सुरू होत नाही, हे मी आमच्या भोकरच्या घरात बघितलंय. आई गेल्यावर आम्ही एका दिवाळीला किल्ला केला नाही, मग कधीच केला नाही.

मुरुडला जायला मला काहीतरी कारण हवं होतं. असं कारण, की ज्याला जिजी नाही म्हणू शकणार नाही. भांडी घासताघासता मला ते सुचलं आणि हातातली वाटी तशीच नळाखाली राहिली. मी पैज हरले असेन, तर मडकं उचलणं माझ्यावर बंधनकारक आहे. त्याला सण म्हणायचं नाही, दुःखाचा अपमान म्हणायचं नाही. ती फेड आहे.

पण त्यासाठी बाटली चांगली निघायला हवी. ती बिघडलेली असती तर मी जिंकले असते आणि तुमचं शेत रिकामं राहिलं असतं. आजवर प्रयोगाला बसताना मी कधी देवाचं नाव घेतलं नाही, तुला माहीत आहे. त्या दिवशी घेतलं, आणि तेसुद्धा हरू दे म्हणून.

आता ज्या बाईला हरायचंच आहे तिच्या डोळ्यांवर विश्वास कसा ठेवायचा? तूच पहिल्यांदा म्हटलं असतंस, "तुला हवं ते दिसलं तुला." म्हणून मी शेजारच्या मायक्रोबायोलॉजीच्या बिराजदार सरांना बोलावलं. बाटली आधी यंत्रात गरगरा फिरवून घेतली, म्हणजे टोपणाला चिकटलेलं खाली यावं. तू ते कधीच करायची नाहीस आणि मग अर्धं प्रोटीन झाकणातच शोधायचीस. टोपणावरच्या कुंकवाचा रंग अजून होता. तो स्पिरिटनं पुसताना मी थोडी थांबले, मग कापूस तसाच खिशात घातला. प्लेटमध्ये तीन प्रकारच्या जागा केल्या. एक कोरी, एक नव्या प्रोटीनची, एक येळवसेची. थर देताना कुठं काय टाकलं हे बिराजदार सरांनी ठरवलं आणि मला पाठ फिरवून उभं केलं, शाळेतल्यासारखं. त्यांनी जागांना नुसते आकडे दिले.

मग मी पेशी सोडल्या. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी वाकले आणि हळूच म्हणाले, "बसा गं बायांनो, बसा. घाई करू नका." बिराजदार सर खिडकीतून बाहेर बघत राहिले. चांगला माणूस आहे.

तास संपले, मी प्लेट धुतली. इतक्या हलक्या हातानं की तू म्हणाली असतीस, न्हाऊ घालून राहिलीस का? सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. एका आकड्याच्या जागा जवळजवळ रिकाम्या. ती कोरी, ते कळलंच. उरलेल्या दोन्ही भरलेल्या. पेशी पसरून, पाय रोवून, शेजारीशेजारी बसलेल्या, पंगतीत बसाव्यात तशा. मी एका आकड्याकडून दुसऱ्याकडं, पुन्हा पहिल्याकडं. सरांनी विचारलं, "यातली नवी कोणती म्हणता?" मी खूप वेळ बघितलं आणि ज्यात पेशी जरा जास्त छान पसरल्या होत्या त्या जागेवर बोट ठेवलं. "ही नवी."

सर म्हणाले, "मॅडम, ही येळवसेची."

मी ओरडले, प्रयाग. प्रयोगशाळेत, दुपारी, दार उघडं असताना. "ओलगे ओलगे, सालम पोलगे!" वऱ्हांड्यातून लोक पळत आले, त्यांना वाटलं ॲसिड सांडलं. बिराजदार सर औशाचे, म्हणजे लातूरकडचेच, त्यांना काही सांगावं लागलं नाही. ते हसून टाळ्या वाजवत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, आणि मला ते थांबवायचंही नव्हतं.

आता ऐक. एका प्रयोगानं काही सिद्ध होत नाही. एकच बाटली, एकच प्लेट, आणि पेशी बसल्या म्हणजे प्रोटीन शंभर टक्के शाबूत आहे असं नाही. अजून दोनदा करून बघावं लागेल. थोडं उरलंय, ते मी छोट्या छोट्या नळ्यांत वाटून पुन्हा गोठवून ठेवलंय, मरेपर्यंत पुरेल इतकं. म्हणजे भांडण संपलेलं नाही, एवढं लक्षात ठेव. पण पैजेचं म्हणशील, तर पैज मी हरले. हे मी सगळ्या खात्यासमोर म्हणाले, मोठ्यानं, दोनदा.

मग मी जिजीला फोन केला. आडून आडून काही बोलले नाही. म्हणाले, "जिजी, ती हळदीकुंकवाची बाटली आठवते का? ती चांगली निघाली. मी पैज हरले. आता येळवसेला मडकं मला उचलावं लागतंय, प्रयागला तसा शब्द दिलाय. तुम्ही करा नाहीतर नका करू, मी मडकं घेऊन येणार."

पलीकडून आबांचा आवाज आला, "काय झालं, काय म्हनती?" आणि जिजी त्यांना सांगताना ऐकू आली, "बाटली जित्ती निघाली म्हनती. अनुसया मडकं उचलती म्हनती." मग ती हसली. तुझं हसू कुठून आलं होतं, ते मला त्या फोनवर कळलं.

"आगं, तू भोकरची, तुला ते जमतंय व्हय? सांडशील समदं."

"सांडलं तर शिंपलं म्हणायचं."

"बरं, ये," जिजी म्हणाली. "ज्वारी दळाया टाकते. आबाला म्हनते कोप घाल." आणि मग आवाज जरा सांभाळत म्हणाली, "मडक्याखालची चुंबळ कुठून आणशील तू? आणू नको. प्रयागची हाय घरात, तिच्याच लुगड्याची वळलेली, खुटीला टांगलीय. ती तुझ्या डोक्याला बसती का बघू."

मी रोज संध्याकाळी गच्चीवर पाण्याची कळशी डोक्यावर घेऊन चालतेय. शेजारी बघतात, बघू देत. काल जिन्याच्या दारापर्यंत एक थेंबही सांडला नाही. तू पाहिजे होतीस.